उष्णतेचे बळी कसे मोजायचे?

पुस्तक : 'हीट वेव्ह : अ सोशल ऑटॉप्सी ऑफ डिझास्टर इन शिकागो'
लेखक : एरिक क्लायनेनबर्ग
प्रकाशक : युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो प्रेस, २००२ (दुसरी आवृत्ती २०१५)

१९९५ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेतील शिकागो शहरात एका आठवड्यात नेहमीपेक्षा ७३९ माणसे जास्त मरण पावली. शहरात साथ आली नव्हती, पूर आला नव्हता, कोठे मोठी आग लागली नव्हती. हवा मात्र अतिशय गरम आणि दमट होती आणि रात्रीही ती निवत नव्हती. १३ जुलैला मिडवे विमानतळावर सुमारे ४१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. नागपूर-चंद्रपूरच्या वाचकाला या आकड्याचे विशेष काही वाटणार नाही. मग तेथे इतकी माणसे का मेली? आणि ती उष्णतेनेच मेली हे कोणी आणि कसे ठरवले?

या प्रश्नांचा माग काढत एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने हे पुस्तक लिहिले. ते स्वतः शिकागोत वाढलेले. शवविच्छेदनात मृताचा कोणता अवयव निकामी झाला ते शोधतात. तसे या शहराचे कोणते अवयव निकामी झाले ते शोधायचे, म्हणून त्यांनी आपल्या कामाला 'सामाजिक शवविच्छेदन' असे नाव दिले. हवामानबदल आणि आरोग्य यांविषयी चर्चा निघाली की या पुस्तकाचा दाखला हमखास दिला जातो. शिक्षकांनी ते वाचावे असे मला वाटते, पण डोळे उघडे ठेवून. पुस्तकाने विचारलेला प्रश्न फार मोलाचा आहे. त्याने दिलेल्या उत्तरांपैकी एक कच्चे आहे आणि ते जसेच्या तसे आपल्याकडे आणले तर आपली दिशाभूल होईल.

मोजणीचा वाद

पुस्तकातला सर्वांत सरस भाग मृतांच्या मोजणीविषयीचा आहे. उष्णतेने माणूस मरतो तेव्हा नेमके काय होते ते आधी पाहू. घामाचे बाष्पीभवन होताना शरीरातली उष्णता बाहेर जाते. हवा दमट असली की घाम वाळत नाही, आणि हा मार्ग बंद होत जातो. त्वचेकडे जास्त रक्त ढकलण्यासाठी हृदयाला जास्त काम करावे लागते. वयस्कर माणसाचे हृदय आधीच थकलेले असेल तर ते या ओझ्याखाली बंद पडते. अशा वेळी मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयविकार' असे लिहिले जाते, आणि ते खोटेही नसते. ज्यांना 'उष्माघात' म्हणता येईल असे, शरीराचे तापमान ४० अंशांपुढे गेलेले रुग्ण हा एकूण मृत्यूंचा एक लहान भाग असतो.

शिकागो ज्या कुक काउंटीत येते, तेथील मुख्य वैद्यकीय परीक्षक एडमंड डॉनह्यू यांनी म्हणून काही निकष ठरवले. मृत्यूच्या वेळी शरीराचे तापमान १०५ अंश फॅरनहाइट (सुमारे ४०.६ अंश सेल्सिअस) किंवा जास्त असणे, मृताच्या खोलीत अतिशय उकाडा असल्याचा पुरावा मिळणे, किंवा कुजलेल्या अवस्थेत सापडलेली व्यक्ती लाट सुरू होईपर्यंत जिवंत असल्याचे कोणीतरी सांगणे. यांपैकी एक निकष लागू पडला तर तो मृत्यू उष्णतेशी संबंधित मानायचा. शवागारात जागा उरली नाही म्हणून बाहेर शीतवाहनांची रांग लागली होती. तरीही महापौर रिचर्ड डेली यांनी या आकड्यांवर जाहीरपणे शंका घेतली. उन्हाळ्यात मरणारा प्रत्येक जण उन्हानेच मेला असे कसे म्हणता येईल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. काही दिवस वर्तमानपत्रांतही मृत्यू 'खरे' की 'फुगवलेले' याचीच चर्चा चालली. डॉनह्यू आपल्या निकषांवर ठाम राहिले आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तज्ज्ञांनी त्यांची बाजू उचलून धरली. ११ ते २७ जुलै या काळात ४६५ मृत्यू उष्णतेशी संबंधित म्हणून प्रमाणित झाले.

मग ७३९ हा आकडा कोठून आला? त्याची पद्धत इतकी साधी आहे की आठवीच्या वर्गातही ती समजावून सांगता येईल. दाखल्यावरचे कारण बाजूला ठेवायचे. या आठवड्यात शहरात एकूण किती माणसे मेली ते मोजायचे, आणि आधीच्या वर्षांत याच आठवड्यात सरासरी किती मेली होती ती संख्या त्यातून वजा करायची. उरतात ते 'अतिरिक्त मृत्यू'. यात डॉक्टरच्या मताला वाव नाही. महापौरांच्या शंकेलाही नाही.

या पद्धतीवर एक रास्त आक्षेप मात्र घेता येतो. जी माणसे आठ-पंधरा दिवसांत मरणारच होती तीच थोडी आधी मेली असतील तर? तसे असेल तर लाट ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत मृत्यूंची संख्या नेहमीपेक्षा खाली यायला हवी. ही परीक्षा २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केली गेली. त्या उन्हाळ्याच्या सात आठवड्यांतल्या अतिरिक्त मृत्यूंपैकी सुमारे २६ टक्के मृत्यू असे 'पुढे ओढले गेलेले' असावेत, असे त्यात आढळले. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश माणसे त्या लाटेतून वाचती, तर निदान आणखी काही काळ जगली असती. क्लायनेनबर्ग यांचे पुस्तक या अभ्यासाच्या आधीचे आहे. तरी महापौरांचा आक्षेप बव्हंशी पोकळ होता हा त्यांचा निष्कर्ष टिकून राहिला आहे.

दोन शेजारी वस्त्या

पुस्तकाचा सर्वांत गाजलेला भाग दोन वस्त्यांच्या तुलनेचा आहे. उत्तर लॉनडेल आणि दक्षिण लॉनडेल या वस्त्या एकमेकींना लागून आहेत. हवा एकच. गरीब वृद्धांचे आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाणही जवळपास सारखे. तरीही उत्तर लॉनडेलमध्ये १९ माणसे दगावली, म्हणजे लाखामागे ४०. दक्षिण लॉनडेलमध्ये ३ दगावली, म्हणजे लाखामागे चारांहूनही कमी.

क्लायनेनबर्ग यांचे स्पष्टीकरण असे. उत्तर लॉनडेल ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती. तेथले कारखाने बंद पडले, लोक सोडून गेले, दुकाने उठली, मोकळ्या भूखंडांवर गवत माजले. गुन्हेगारीच्या भीतीने म्हातारी माणसे दारे-खिडक्या लावून घरात बसली. दक्षिण लॉनडेल ही मुख्यतः मेक्सिकोतून आलेल्यांची वस्ती. तेथे रस्त्यावर बाजार भरलेला, फुटपाथवर वर्दळ. म्हातारी माणसे सहज बाहेर पडतात, थंडगार दुकानात टेकतात. कोणी दोन दिवस दिसले नाही तर लोक चौकशी करतात. म्हणजे जीव वाचला तो गजबजलेल्या रस्त्यामुळे.

हे वर्णन वाचकाला पटकन पटते. म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे. १९ आणि ३ हे आकडे लहान आहेत. मात्र दोन्ही वस्त्यांची लोकसंख्या लक्षात घेतली तर हा फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही. खरी अडचण निवडीची आहे. शिकागोत ७७ विभाग आहेत. त्यांतून फरक आधीच डोळ्यांत भरणारी एक जोडी उचलली आणि मग त्या फरकाचे कारण शोधले, तर मनाजोगे कारण सापडण्याचा संभव मोठा असतो. प्रयोगशाळेत कोणी असे केले तर आम्ही त्याला पुन्हा नव्या नमुन्यावर तपासणी करायला सांगतो.

क्लायनेनबर्ग यांनी पुढे एंगलवूड आणि ऑबर्न ग्रेशम अशी आणखी एक जोडी मांडली. दोन्ही कृष्णवर्णीयांच्या, दोन्ही शेजारी. मृत्युदर अनुक्रमे लाखामागे ३३ आणि ३. यामुळे वंश किंवा संस्कृती हेच कारण असावे ही शंका बरीचशी दूर झाली. निवडीची शंका मात्र उरतेच.

सरासरी आणि माणूस

२००६ साली मिचेल ड्यूनियर या समाजशास्त्रज्ञाने याहून मूलभूत आक्षेप घेतला. त्यांनी या वस्त्यांत मेलेल्या माणसांचाच माग काढला, नातेवाईक आणि शेजारी गाठले. त्यांचे म्हणणे असे, की मृतांपैकी अनेकांचे आयुष्य पुस्तकातल्या एकाकी, दाराआड बसलेल्या वृद्धाच्या चित्राशी जुळत नव्हते. क्लायनेनबर्ग यांनी वस्ती कशी आहे ते दाखवले, आणि मेलेली माणसेही तशीच असणार असे गृहीत धरले.

ही चूक शाळेत आपण रोज पाहतो. समजा, दोन शाळा आहेत. पहिल्या शाळेत ग्रंथालय मोठे आहे आणि निकालाची सरासरीही जास्त आहे. म्हणून 'त्या शाळेत पहिला आलेला मुलगा खूप वाचणारा असणार' असे म्हणता येईल का? तो कदाचित ग्रंथालयात कधी गेलाही नसेल. समूहाच्या सरासरीवरून एकेका व्यक्तीबद्दल अनुमान काढणे हा संख्याशास्त्रातला जुना दोष आहे.

क्लायनेनबर्ग यांनी त्याच नियतकालिकात कडक उत्तर दिले. वर्षानुवर्षांनी कोणाकोणाच्या सांगण्यावरून मृतांच्या सवयींबद्दल बोलणे म्हणजे बळींनाच दोष देणे, असा त्याचा आशय होता. दोघांच्या या वादात मला दोघेही अर्धे बरोबर वाटतात. त्याच वर्षी ब्राउनिंग आणि सहकाऱ्यांनी एक-दोन वस्त्या न घेता शहरभरच्या वस्त्यांची माहिती घेऊन विश्लेषण केले. ज्या वस्त्यांत दुकाने-बाजार खालावलेले होते तेथे लाटेतले मृत्यू जास्त होते, असे त्यांना आढळले. म्हणजे वस्तीचा परिणाम आहे. पण तो नेमका कोणत्या वाटेने माणसापर्यंत पोचतो हे पुस्तकात सिद्ध झालेले नाही, सुचवलेले आहे. इतक्या आत्मविश्वासाने लिहिलेल्या पुस्तकात हा फरक वाचकाला स्पष्ट सांगायला हवा होता.

व्यक्तींचा अभ्यास आधीच झालेला होता हेही येथे सांगायला हवे. १९९६ साली सेमेन्झा आणि सहकाऱ्यांनी शिकागोत मेलेल्या आणि त्याच परिसरात वाचलेल्या माणसांची तुलना केली. अंथरुणाला खिळलेले, रोज घराबाहेर न पडणारे आणि एकटे राहणारे यांना धोका जास्त होता. घरात चालू वातानुकूलक असणारे आणि प्रवासाचे साधन हाताशी असणारे बरेच सुरक्षित होते. एकाकीपणाचा मुद्दा या अभ्यासाने व्यक्तीच्या पातळीवर दाखवला आहे. क्लायनेनबर्ग या अभ्यासावर टीका करतात, कारण त्यात नगरपालिका, वीज, रुग्णवाहिका आणि वर्तमानपत्रे कोठेच दिसत नाहीत. ही टीका योग्य आहे. शहराकडे उष्णतेच्या लाटेसाठी आराखडा होता आणि तो वेळेवर वापरला गेला नाही, ही गोष्ट वाचलेल्या आणि मेलेल्या शेजाऱ्यांची तुलना करून कधीच कळली नसती.

पुस्तकात नसलेली हवा

पुस्तकाची दुसरी उणीव माझ्यासारख्या विज्ञानाच्या वाचकाला जास्त टोचते. उष्णतेच्या लाटेवरच्या या पुस्तकात उष्णता फारशी नाहीच. लाट येते, आणि समाजातल्या भेगा उघड्या पडतात. म्हणजे लाट ही नाटकाचा पडदा उघडणाऱ्या माणसाइतकीच महत्त्वाची. ती का आली, पुन्हा किती वेळा येईल, याचा विचार पहिल्या आवृत्तीत जवळजवळ नाही. २०१५ च्या आवृत्तीला जोडलेल्या नव्या प्रस्तावनेत हवामानबदल येतो, पण मूळ युक्तिवाद बदलत नाही.

आज हे चालणार नाही. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालानुसार, औद्योगिकीकरणापूर्वीच्या हवामानात दहा वर्षांतून एकदा येणारी तीव्र उष्णता आता सुमारे २.८ पट वेळा येते. पृथ्वीचे सरासरी तापमान २ अंशांनी वाढले तर ती ५.६ पट वेळा येईल. समाज जसाच्या तसा राहिला तरी बळी वाढणार.

वातानुकूलकाचेही तेच. सेमेन्झा यांच्या अभ्यासात तो जीव वाचवणारा ठरतो. पण खोलीतली उष्णता तो रस्त्यावर फेकतो, आणि त्याची वीज कोळशावर तयार होत असेल तर पुढच्या लाटेला हातभार लावतो. त्यातले काही शीतक वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा शेकडो ते हजारो पटींनी उष्णता अडवतात. असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे २०१६ साली किगाली येथे ठरले. ज्याच्याकडे वातानुकूलक आहे तो वाचतो, आणि नाही त्याच्या खिडकीबाहेरची हवा आणखी तापते. हवामानाचे धोरण आणि आरोग्याचे धोरण असे एकाच खिडकीत भेटतात, आणि पुस्तक त्या खिडकीपाशी पुरेसे थांबत नाही.

शिकागोहून अहमदाबादला

शिकागोचे उत्तर आपल्याकडे आणताना काय होते? मे २०१० मध्ये अहमदाबादचे तापमान ४६.८ अंशांपर्यंत गेले. त्या महिन्यात शहरात, २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांच्या तुलनेत, १,३४४ अतिरिक्त मृत्यू झाल्याचे पुढे संशोधकांनी दाखवले. पद्धत तीच, वजाबाकीची. २०१३ साली अहमदाबाद महानगरपालिकेने गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेसह इतरांच्या मदतीने उष्णता कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातला तो पहिला मानला जातो. आधी इशारा देणे, डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण, पाण्याची सोय ही त्याची अंगे. एका सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष तापणाऱ्या वरच्या मजल्यावरून खाली आणला, तेव्हा उष्णतेमुळे नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात दाखल होणारी बाळे लक्षणीयरीत्या कमी झाली. हा उपाय मोजणीतूनच सुचला. बाळे कोणत्या मजल्यावरून येत आहेत हे कोणीतरी पाहिले होते.

पण शिकागोतला बळी आणि आपला बळी एक नाही. शिकागोत म्हातारा माणूस बंद खोलीत एकटा मेला. आपल्याकडेही घरात मरणारे वृद्ध आहेत. त्यांच्या जोडीला उन्हात राबणारे शेतमजूर, बांधकाम कामगार आणि हातगाडीवाले आहेत. ते एकटे नसतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा तापमान सुमारे ३८ अंश होते आणि भोवती लाखोंची गर्दी होती. तापमापक सावलीत असतो, माणसे उन्हात होती. 'शेजाऱ्याची विचारपूस करा' हा शिकागोचा धडा येथे अपुरा पडतो. 'दुपारी १२ ते ३ बाहेर पडू नका' ही आपल्या इश्तेहारांतली सूचनाही ज्याची मजुरी त्याच तासांवर ठरते त्याला कोरडीच वाटते. त्या तीन तासांची मजुरी कोण देणार, हा प्रश्न आराखड्यात लिहिला गेला पाहिजे.

म्हणून पुस्तकाचे उत्तर तेथेच राहू द्यावे आणि प्रश्न घ्यावा : कोण मेले, कोठे, किती वाजता, काय करत असताना? आपल्याकडे हा प्रश्न विचारणे कठीण आहे. २०२० च्या अहवालानुसार देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. याचा परिणाम जगाच्या पातळीवर दिसतो. ४३ देशांतील ७३२ ठिकाणांच्या नोंदी वापरून २०२१ साली एक मोठा अभ्यास झाला. १९९१ ते २०१८ या काळातल्या उष्णतेच्या मृत्यूंपैकी ३७ टक्के मानवनिर्मित हवामानबदलामुळे झाले, असा त्याचा निष्कर्ष. आफ्रिकेचा आणि दक्षिण आशियाचा मोठा भाग त्यात नाही, कारण तेथल्या नोंदी उपलब्ध नव्हत्या. ज्यांची मोजणी होत नाही त्यांचे दुःख वाटाघाटीच्या टेबलावर पोचत नाही. शिकागोत निदान एक डॉनह्यू होता.

वर्गात काय करता येईल?

नववी-दहावीच्या मुलांना घेऊन एक छोटा प्रकल्प करता येईल. गावच्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदीतून गेल्या सहा-सात वर्षांतल्या एप्रिल, मे आणि जून महिन्यांतील मृत्यूंच्या फक्त संख्या मागाव्यात, नावे नकोत. करोनाची दोन वर्षे वेगळी काढावीत, आणि ती का वेगळी काढायची हे मुलांनाच विचारावे. उरलेल्या वर्षांची सरासरी काढून सर्वांत कडक उन्हाळ्याच्या वर्षाची संख्या तिच्याशी ताडून पाहावी. गाव लहान असेल तर संख्या इतक्या खालीवर होतील की निष्कर्ष निघणार नाही. तोही एक धडाच आहे. तालुक्यातल्या पाच शाळांनी आपापले आकडे एकत्र केले तर काय बदलते ते पाहावे.

शेवटी मुलांना विचारावे, की यांपैकी किती मृत्यूंच्या नोंदीत 'उष्णता' हा शब्द असेल? क्लायनेनबर्ग यांच्या पुस्तकाची खरी शिकवण या प्रश्नात आहे. दोन वस्त्यांच्या गोष्टीवर शंका घेऊन आणि हवामानाची उणीव ध्यानात ठेवूनही, या प्रश्नासाठी ते पुस्तक वाचावे.